तीन अधिक दोन बरोबर चार

मला बारावीला गणितात ९४ मार्क पडले. आणि त्याच उन्हाळ्यात, एका मंगल कार्यालयात चहा-बिस्किटं खात, तीन अधिक दोन बरोबर चार हे मी मान्य करून बसले. बी.एससी.ची तीन वर्षं, बी.एड.ची दोन. "पण काका, आमच्याकडे एकत्रित कोर्स आहे. चार वर्षांत लेक हायस्कूलला गणित शिकवायला उभी," असं एका शिक्षणसंस्थेच्या काउन्सेलर सरांनी आप्पांना सांगितलं.

हे गणित खोटं नव्हतं, हीच तर गोम आहे. चार वर्षांचा बी.एससी.बी.एड. खरोखर असतो. निव्वळ थाप असती तर आप्पांनी तिथल्या तिथे ओळखली असती. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर नकली तांब्याच्या तारा पाहतात.

संस्थेचं नाव लिहीत नाही. नोटिशीची भीती आहेच, पण नाव कळून उपयोगही नाही. पाटी बदलते, पद्धत बदलत नाही. म्हणून पद्धत सांगते.

२०१९ची गोष्ट. खरं तर मी भोपाळचा फॉर्म भरला होता. शाळेची पाठ्यपुस्तकं काढते त्या एनसीईआरटीच्या अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे रिजनल इन्स्टिट्यूट आहेत, १९६३ पासूनच्या. आपल्या महाराष्ट्राला आणि गोव्याला भोपाळ लागतं. तिथे चार वर्षांचा बी.एससी.बी.एड. आहे, होस्टेल आहे, सरावासाठी आवारातच स्वतःची शाळा आहे. आमच्या गणिताच्या बाईंनी मला हे शोधून दिलं होतं, प्रवेशपरीक्षेची तयारीही करून घेतली होती. सरांनी फॉर्म पाहिला आणि हसले. "तोच कोर्स इथे घरापासून चाळीस किलोमीटरवर आहे. पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवता?" आई गप्प झाली. तिच्या मनातलंच ते बोलले होते. मी परीक्षेला गेले नाही. पैशाचं पुढे सांगतेच, पण माझं खरं नुकसान झालं ते त्या दिवशी.

आप्पा तसे बेसावध नव्हते. त्यांनी मान्यता आहे का म्हणून विचारलं. सरांनी लॅमिनेशन केलेला कागद समोर ठेवला: राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा, म्हणजे एनसीटीईचा आदेश. इंग्रजी, शिक्का, सही, संस्थेचं नाव, शंभर जागा. कागद अस्सल होता. आम्ही दोघांनी तो वाचला आणि दोघांनाही त्यातला एक शब्द दिसला नाही. आदेश होता दोन वर्षांच्या बी.एड.चा.

एनसीटीईची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमाला मिळते, आणि किती जागांसाठी हेही त्यात लिहिलेलं असतं. एकाच इमारतीतल्या डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला असेल, बी.एड.ला असेल आणि बी.एससी.बी.एड.ला नसेल. आमच्या बाबतीत नेमकं तेच होतं. संस्थेचं एक बी.एड. कॉलेज होतं, शेजारी विज्ञान महाविद्यालय होतं, दोन्ही कायदेशीर. मधला "एकत्रित" हा शब्द तेवढा संस्थेने स्वतः छापला होता.

पॅकेज १ लाख ६० हजारांचं ठरलं. पहिल्या वर्षी ६० हजार रोख दिले, पावती १८ हजारांची. उरलेले "विकास निधी", त्याची पावती नंतर मिळणार होती. आईची पाटली गहाण पडली. टीसी आणि बारावीचं मूळ गुणपत्रक "व्हेरिफिकेशनसाठी" ठेवून घेतलं. मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलं होतं. आम्हाला कुठलं माहीत.

वर्ग सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार बी.एससी.चे तास, शनिवारी "बी.एड. पार्ट". शनिवारी एक मॅडम यायच्या, मानसशास्त्राच्या नोट्स सांगून जायच्या. उद्गामी-अवगामी (उदाहरणांवरून नियम, नियमावरून उदाहरणं) पद्धती पाठ करून घेतल्या. परीक्षा तिथेच घेतली, पेपर तिथेच तपासले, निकाल कॉलेजच्या लेटरहेडवर दिला. विद्यापीठाच्या गुणपत्रकावर मात्र फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "बी.एड.चे मार्क शेवटी एकदम चढतात." मग मार्च २०२० आला, सगळं मोबाईलवर गेलं, आणि कुणी काही विचारायचं कारणच उरलं नाही. दुसऱ्या वर्षाचे ४० हजारही त्याच धुंदीत भरले. पावती १५ हजारांची.

फुगा फुटला तो आमच्या आतेबहिणीमुळे. ती दुसरीकडे साधं, दोन वर्षांचं बी.एड. करत होती. दिवाळीत आली तर पिशवीभर वह्या घेऊन: पाठटाचणं, निरीक्षणं, पुठ्ठ्याची वर्तुळं. मला म्हणाली, "तुझे सूक्ष्मपाठ किती झाले गं?" मला सूक्ष्मपाठ म्हणजे काय तेच नीट ठाऊक नव्हतं. तिने समजावलं: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे फीडबॅक, बारा मिनिटं पाठ पुन्हा बांधायचा, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. छत्तीस मिनिटांचं एक चक्र. "आणि शाळेतली आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप? तिला नव्वद टक्के हजेरी लागते, तासांना ऐंशी. तू दोन वर्षांत शाळेत पाऊल टाकलंस का?"

टाकलं होतं. एकदा. संस्थेच्याच इंग्लिश मीडियम शाळेत, फोटो काढायला.

त्या रात्री आम्ही दोघींनी मोबाईलवर एनसीटीईच्या पश्चिम क्षेत्रीय समितीची यादी उघडली. आमची संस्था सापडली, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग आतेबहिणीने अभ्यासक्रमाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

आप्पांचा तरीही विश्वास बसेना. यादी जुनी असेल, म्हणाले. म्हणून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. एकच प्रश्न: या संस्थेला चार वर्षांच्या बी.एससी.बी.एड.ची मान्यता आहे का, असल्यास आदेशाची प्रत द्यावी. उत्तर दोन ओळींचं आलं. ही दहा रुपयांची चौकशी प्रवेशाआधी केली असती तर, हे मी आईपुढे अजून बोलत नाही.

ऑफिसात भांडायला गेलो तेव्हा सरांचा आवाज जराही चढला नाही. "काका, ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे. नाहीच आली तर बी.एससी. झाल्यावर आमच्याच बी.एड.ला मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ." म्हणजे पुन्हा तीन अधिक दोन, पाचच, वर आमचे पैसे त्यांच्याकडे. पोलीस चौकीत सांगितलं गेलं की हा पैशाचा व्यवहार दिसतो, कोर्टात जा. पावत्या ३३ हजारांच्या, दिलेले एक लाख. मधल्या ६७ हजारांना पुरावा काय? व्हॉट्सॲपवर आप्पांनी एकदा "विकास निधी जमा केला" असं लिहिलं होतं आणि तिकडून अंगठा आला होता. तेवढ्या अंगठ्यावर आणि वकिलाच्या एका पत्रावर २५ हजार तीन हप्त्यांत परत आले. मूळ गुणपत्रकही.

मी त्यातल्या त्यात सुदैवी. माझी बी.एससी. खरी होती. तिसरं वर्ष नेहमीची फी भरून पुरं केलं, २०२२ मध्ये बी.एड.ची सीईटी दिली, गुणवत्तेने जागा मिळाली, २०२४ मध्ये सुटले. बॅचमधल्या दोघांनी मात्र मधेच कॉलेज सोडून "नॉन-अटेंडिंग बी.एड." दुसऱ्या राज्यातून पदरात पाडून घेतलं. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या नोकरीसाठी ग्राह्य धरायची नाही, असं एनसीटीई कायद्याचं सतरावं कलम सांगतं. त्या दोघांपैकी एक आता माझ्याशी बोलत नाही, कारण मी त्याला हे आधी सांगितलं होतं.

आता त्याच मंडळींची जाहिरात नव्या शब्दांत येते. हल्ली शब्द आहे "आयटीईपी", चार वर्षांचा नवा एकात्मिक अभ्यासक्रम, २०२३-२४ पासून देशभरात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेला. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवीच किमान पात्रता ठरवायचं म्हटलंय, त्यामुळे पालक घाबरलेले असतात आणि पटकन पैसे काढतात. आयटीईपीच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, एनसीईटी नावाची परीक्षा घेते, मराठीतूनही देता येते. त्या परीक्षेचं नावही न काढता "सीट बुक करा" म्हणणाऱ्याला विचारा, कशाच्या आधारावर? दुसरा नवा मंत्र: "यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकत्र करायला परवानगी दिली आहे, बी.एससी. आणि बी.एड. जोडीने उरका." परवानगीची बातमी खरी आहे. पण दोन वर्षांच्या बी.एड.ला आधी पदवी लागते, तीही ५० टक्क्यांची, राखीव प्रवर्गाला सवलत. हातात नसलेल्या पदवीवर प्रवेश कसा घेणार? पत्रद्वारे बी.एड. तर मुख्यतः सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. बारावी झालेल्या पोरांसाठी नाही.

आणि "अनुदानित शाळेत चिकटवून देऊ" हे ऐकलं की उठून चालू लागा. भरतीला टेटचे, म्हणजे अभियोग्यता चाचणीचे, गुण आणि शासनाचं पवित्र पोर्टल आहे. दोनशे गुणांचा तो पेपर आहे, मी दिलाय. तिथे कुणाचे सर कामाला येत नाहीत.

कागद मागाल तेव्हा तीन मागा: एनसीटीईचा आदेश, विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र आणि प्रवेशपरीक्षेतून झालेल्या जागावाटपाचं पत्र. तिन्हींवर अभ्यासक्रमाचं नाव शब्दशः सारखं हवं. लॅमिनेशनवर जाऊ नका. पहिल्या सत्राचं विद्यापीठाचं गुणपत्रक आलं की त्यावर शिक्षणशास्त्राचे विषय छापलेत का ते बघा. "शेवटी चढतात" असं काही नसतं.

सध्या मी एका हायस्कूलला तासिका तत्त्वावर नववी-दहावीची बीजगणित-भूमिती घेते. आईची पाटली पहिल्या वर्षाच्या मानधनातून सुटली. आप्पांच्या दुकानात उधारीची लांब वही आहे, त्यात मोटारवाल्या शेतकऱ्यांची नावं असतात. एका पानावर संस्थेचं नाव आहे, समोर ७५ हजार. दर पाडव्याला नवीन वही येते आणि ते नाव आप्पा पुढच्या वहीत उतरवून घेतात.