घर खरं होतं, फोन नंबर खोटा होता

दिवाळीनंतरचा आठवडा आम्ही सहा जणांनी सायकलींसाठी राखून ठेवला होता. आमचा पुण्यातला ग्रुप, सगळे चाळिशीतले, रविवारी पहाटे सिंहगड नाहीतर पानशेतच्या रस्त्याला लागणारे. या वेळी डांबरी सोडून मातीच्या वाटांवर माउंटन बाइकिंग करायचं, तेही सात दिवस एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून, असं ठरलं. कासच्या पठारापलीकडे, जावळी तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या बाजूचं एक गाव. शेतातलं घर, चुलीवरचं जेवण, दारातून निघाली की सायकल थेट रानात. बुकिंग मी केलं. पाचही जणांनी पैसे माझ्याच खात्यावर पाठवले होते. त्यामुळे आमची फसवणूक कशी झाली, हे लिहिणं माझ्यावर आहे.

मी डोळे झाकून पैसे भरले नाहीत, हे आधी सांगते. नकाशाच्या ॲपवर त्या घराची नोंद होती. फोटो होते: शेणानं सारवलेलं अंगण, निळं दार, ओट्यावर टांगलेली मक्याची कणसं. तीन-चार वर्षांपूर्वीपासूनचे अभिप्राय होते आणि ते खरोखर राहून आलेल्या लोकांचेच होते, हे नंतर कळलं. मी नोंदीवरचाच नंबर फिरवला.

पलीकडच्या माणसानं आधी पैशांचं नावही काढलं नाही. त्यानं प्रत्येकाची उंची विचारली. मग पायाची आतल्या बाजूनं लांबी मोजून कळवायला सांगितली. मी ५ फूट २ इंच, तर म्हणाला, ‘ताई, तुम्हाला स्मॉल फ्रेम लागेल, २९ च्या चाकापेक्षा साडेसत्तावीसचं चाक बरं पडेल. पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक.’ इतकं बारकाईनं बोलणारा माणूस सायकलीतला जाणकार असणार, असं मी धरून चालले. आज वाटतं, ही माहिती सायकल विकणाऱ्या कोणत्याही साइटवर दहा मिनिटांत वाचायला मिळते. पण त्या क्षणी माझा विश्वास बसला तो याच प्रश्नांमुळे.

माणशी १३,५००, म्हणजे सहा जणांचे ८१,०००. निम्मे, ४०,५००, आगाऊ. पंधरा दिवसांनी चार सायकलींचं डिपॉझिट, प्रत्येकी ४,०००, ‘जाताना परत’. आमच्यातल्या दोघांच्या स्वतःच्या सायकली होत्या, त्यांचं डिपॉझिट त्यानं आपणहून वगळलं. निघायच्या दोन दिवस आधी वनखात्याच्या परवानगीचे माणशी ७००. एकूण ६०,७०० रुपये. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा लहान होती आणि प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं.

पहिल्यांदा पैसे पाठवताना यूपीआयच्या स्क्रीनवर बँकेतलं जे नाव उमटलं, ते त्यानं सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं. मी विचारलं. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीमुळे त्यांच्याकडूनच फिरवतो.’ मी पिन टाकला. त्या वेळी मी तिथेच थांबायला हवं होतं.

दुसरी खूण आमच्यातल्या एकानं हेरलीही होती. त्या माणसानं सात दिवसांच्या मार्गांच्या जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनवर वाट दाखवणाऱ्या फाइल, पाठवल्या होत्या आणि चौथ्या दिवशी वासोटा किल्ल्याला सायकल ट्रेल दाखवला होता. वासोट्याला आपण बामणोलीहून लाँचनं जातो, वनखात्याची परवानगी काढून, आणि पलीकडे उतरल्यावर पायी चढतो. ते कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे सायकल कोण सोडणार? मित्रानं हे विचारलं, तेव्हा उत्तर आलं, ‘खास परवानगी काढतो’, आणि त्याच परवानगीचे ४,२०० रुपये आम्ही भरले. शंका आमची, आणि तिच्याच नावानं त्यानं पैसे घेतले. या गोष्टीचा मला अजून त्रास होतो.

व्हिडिओ कॉल मागितला तर ‘इकडे रेंज नसते’. त्या भागात खरंच नसते, म्हणून तेही पटलं.

दोन गाड्या, मागे कॅरियरवर दोन सायकली, असे आम्ही यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून संध्याकाळी पोहोचलो. तेच अंगण. तेच निळं दार. एक आजी नाचणीच्या कणसांच्या ढिगापाशी बसल्या होत्या. आम्हाला सायकलींसह पाहताच त्यांचा हात थांबला. त्यांनी आत हाक मारली, ‘आरं, आणिक आली बघ मानसं.’

त्यांचा मुलगा बाहेर आला. आम्ही बुकिंगचं सांगितल्यावर तो काही न बोलता एक लांबट वही घेऊन आला. बोट जिभेला लावून त्यानं पानं उलटली, आमच्या तारखेवर थांबला आणि वही माझ्यापुढे धरली. पान कोरं होतं. ‘ताई, ह्या म्हैन्यात तुमी चौथं. आन् सायकली तर आमच्याकडं कवाच नव्हत्या.’

मी तिथेच तो नंबर लावला. रेंजची एक काडी होती. रिंग वाजली, कट झाली. मग स्विच ऑफ.

त्या घरात पाहुणे ठेवतात, हे खरं आहे. दोन खोल्या आहेत. पण नकाशावरची नोंद या कुटुंबानं केलेलीच नव्हती, कुणा जुन्या पाहुण्यानं प्रेमानं टाकली होती. मालकानं ताब्यात न घेतलेल्या नोंदीत कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, फोन नंबरसुद्धा. कुणीतरी तेवढाच नंबर बदलला होता. घर, फोटो, अभिप्राय, रस्ता, सगळं खरं ठेवून. मी जागेची खात्री केली होती, पैसे घेणाऱ्या माणसाची केली नव्हती.

त्या रात्री आजींनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. आमच्या आधी आलेल्यांपैकी एका गटानं त्यांनाच चोर ठरवून अंगणात शिव्या दिल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना.

सकाळी रेंजमध्ये आल्याबरोबर १९३० ला फोन केला. हाच सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. तक्रार नोंदवताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी लागतो, तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट पुसू नका. आमची शेवटची रक्कम जाऊन दोन दिवस उलटून गेले होते. ज्या खात्यात ती गेली, तिथले ३,१०० रुपये तेवढे गोठवता आले, तेही हातात यायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं गेलं. बाकीचे कधीच पुढच्या खात्यांत गेले होते. बँकेत तर एका वाक्यात विषय संपला: ‘मॅडम, पिन तुम्ही स्वतः टाकलाय.’

चार दिवसांनी त्या माणसाचा दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला, डिपॉझिट परत देतो, हा क्यूआर स्कॅन करा. आमच्यातली एक जण खरंच स्कॅन करायला निघाली होती, नवऱ्यानं हात धरला. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच.

आता बुकिंग करताना मी मालकाकडे पर्यटन संचालनालयाचं कृषी पर्यटन नोंदणी प्रमाणपत्र मागते. २०२० च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणापासून ही नोंदणी होते. सगळ्याच लहान घरांकडे ते नसतं, त्यामुळे तेवढ्यावर थांबत नाही. गावातलं किराणा दुकान, ग्रामपंचायत, शेजारचं दुसरं घर, कुणाचा तरी नंबर मिळवून विचारते की अमक्यांचा फोन हाच का. आणि आगाऊ द्यायचेच झाले तर एका रात्रीपुरते, तेही स्क्रीनवरचं नाव जुळलं तरच. सायकली साताऱ्यातून किंवा पुण्यातून, हाताळून, ब्रेक दाबून बघून.

आम्ही तिथे दोन रात्री राहिलो, त्यांचे पैसे आग्रहानं दिले. निघण्याआधी मित्रानं आजींच्या मुलाच्या, दादांच्या, फोनवरून ती नोंद त्यांच्या नावावर करायचा अर्ज भरला, आणि आम्ही फाटकावर त्यांचा खरा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवला. पण घरातून पैसे पाठवणाऱ्याला फाटक दिसत नाही. परवा दादांचा फोन आला. नोंद अजून त्यांच्या हातात आलेली नाही, आणि आदल्या संध्याकाळी दोन लहान मुलं घेऊन पाचवं कुटुंब दारात उभं होतं.