‘आतलं विंडोज ट्रायल असतं’ असं सांगून माझं ओरिजिनल विंडोज पुसलं

नव्या लॅपटॉपचं खोकं माझ्यासमोर उघडलं. सील शाबूत होतं, बिल रीतसर होतं, लॅपटॉप कंपनीकडे माझ्या नावावर नोंदवूनही दिला. फसवणूक झाली ती त्यानंतरच्या तासाभरात. विक्रेत्याकडचा तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, आत जे विंडोज येतं ना, ते ट्रायल असतं. तीस दिवसांनी कटकट सुरू करतं. आम्ही फॉरमॅट मारून प्रो टाकून देतो, लाइफटाइम."

मी म्हटलं, "पण खोक्यावर विंडोज ११ होम लिहिलंय की." त्याने लॅपटॉप उलटा केला आणि तळावर बोट फिरवलं. "इथे कुठे प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्सचा कोड, छापलेली दिसतेय? लायसन्स असतं तर स्टिकर असता." माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पोटाला तसा स्टिकर होता, पंचवीस अक्षरांचा, घासून अर्धा पुसलेला. या नव्याला खरंच नव्हता. मला पटलं. फॉरमॅटचे वेगळे पैसे दिले आणि संध्याकाळी लॅपटॉप घरी घेऊन आले.

तो जे बोलला त्यातला प्रत्येक शब्द अर्ध्या सत्याला चिकटवलेला होता, म्हणून तो नीट उलगडून सांगते. नव्या लॅपटॉपमध्ये तीस दिवसांनी खरोखरच काहीतरी संपतं, पण ते विंडोज नसतं. कंपनीने आधीच भरून दिलेला अँटिव्हायरस किंवा ऑफिसची चाचणी आवृत्ती संपते, आणि तिच्या सूचना सारख्या येत राहतात. ज्याने त्या सूचना पाहिल्यात, त्याला ‘ट्रायल’ हा शब्द लगेच खरा वाटतो.

स्टिकरचंही तसंच. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या प्रॉडक्ट की तळाला छापत नाहीत, ती मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे मशीनच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहून ठेवतात. म्हणजे स्टिकर नसणं हे लायसन्स नसल्याचं लक्षण मुळीच नाही. उलट की तुमच्या मशीनमध्ये इतकी आत बसलेली असते की डिस्क फॉरमॅट केली, बदलली, विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, तरी ती जागची हलत नाही. हे एवढं मला त्या दिवशी ठाऊक असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

साडेपाच महिने सगळं सुरळीत चाललं. मी भाषांतराचं काम करते. दिवसाचे आठ-दहा तास लॅपटॉपसमोर जातात, आणि लोकांचे करारनामे, वैद्यकीय अहवाल, कागदपत्रं माझ्याकडे विश्वासाने येतात. एका सकाळी पडद्यावर निळी खिडकी आली: तुमच्या विंडोजचं लायसन्स लवकरच संपणार आहे. मी ती बंद केली. दुपारी परत आली. ‘लाइफटाइम’ म्हणून घेतलेली गोष्ट संपणार कशी? माझी एक सहकारी अशा बाबतीत जाणकार आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, "कमांड प्रॉम्प्ट उघड आणि मी सांगते ती अक्षरं इंग्रजीत टाइप कर: एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून स्लॅश, डीएलव्ही."

एक खिडकी उघडली. त्यातल्या तीन ओळी मला आजही जशाच्या तशा आठवतात. वर्णनात लिहिलं होतं ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’. प्रॉडक्ट की चॅनेलपुढे होतं ‘व्हॉल्यूम’. आणि मुदतीच्या ओळीत मिनिटांचा आकडा, वीस हजार आणि वर काही, कंसात १४ दिवस. मिनिटं मोजत होतं माझं लाइफटाइम विंडोज.

सहकारीने मग समजावलं. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची सोय आहे. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो, शेकडो संगणक त्याच्याशी बोलून ॲक्टिव्हेट होतात, म्हणजे त्यांचं विंडोज अधिकृत ठरतं, आणि ते ॲक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवस टिकतं. संगणक संस्थेच्या नेटवर्कवर असेल तर मुदत आपोआप वाढत राहते. माझा लॅपटॉप कुठल्याच संस्थेचा नव्हता. त्या माणसाने ॲक्टिव्हेटर नावाचं एक सॉफ्टवेअर चालवून विंडोजला खोटा सर्व्हर दाखवला होता, आणि १८० दिवसांचं घड्याळ लावून मला घरी पाठवलं होतं. लॅपटॉप कारखान्यातून जसा येतो, तशा विंडोजवर चॅनेलच्या त्याच ओळीत ‘ओईएम डीएम’, म्हणजे लॅपटॉप कंपनीने दिलेलं लायसन्स, असं दिसतं. माझ्याकडे पहिल्या दिवशी तेच होतं. ते पुसून हे दिलं, आणि पुसायचे पैसेही माझ्याकडूनच घेतले.

मग ती म्हणाली, "आता विंडोज सिक्युरिटीमध्ये जा आणि एक्सक्लूजन्सची यादी बघ." ही यादी म्हणजे अँटिव्हायरसने कुठे पाहायचं नाही ते. यादीत एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. अख्खा. ॲक्टिव्हेटरला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, पकडतो, म्हणून त्याने डिफेंडरचे डोळेच बांधून ठेवले होते आणि जाताना सोडलेही नव्हते. साडेपाच महिने मी लोकांचे वैद्यकीय अहवाल अशा मशीनवर उघडत होते. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. पैशांचा कमी, याचा जास्त. अशा ॲक्टिव्हेटरबरोबर पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येणं ही नवलाची गोष्ट नाही. त्याच रात्री दुसऱ्या संगणकावरून माझे सगळे पासवर्ड बदलले, बँकेचे आधी, मग ईमेलचे.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडे गेले. तंत्रज्ञ तोच होता. मी त्या खिडकीचा फोटो दाखवला. त्याने ते नाकारलं नाही. "ताई, सगळीकडे असंच करतात. आणा, पुन्हा करून देतो, थोडेच पैसे लागतील." म्हणजे दर सहा महिन्यांनी मी यायचं, हाच त्याचा हिशेब होता. मी बिल पुढे केलं. त्यावर ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन’ एवढंच. विंडोज प्रोचं लायसन्स दिल्याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे कागदावर त्याने मला काहीच विकलं नव्हतं. आजवर ते पैसे परत मिळालेले नाहीत.

आता दुरुस्तीचं सांगते, कारण माझ्यासारखे अजून कुणी असतील तर त्यांना याचा उपयोग होईल. आधी की जागेवर आहे का ते पाहिलं. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत फर्मवेअरमधली की वाचण्याची एक ओळ सहकारीने पाठवली होती, ती चिकटवली, एंटर दाबलं, आणि पाच-पाच अक्षरांचे पाच गट पडद्यावर आले. माझीच की. पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

कामाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर काढून घेतल्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजचं मीडिया क्रिएशन टूल, म्हणजे विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम, फुकट उतरवता येतं. किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो, आणि तो सहकारीच्या संगणकावर तयार केला, कारण माझ्या लॅपटॉपवर विश्वास उरला नव्हता. इन्स्टॉल करताना एका ठिकाणी धडकीच भरली: डिस्कच्या यादीत माझी एसएसडी दिसेचना. काही इंटेल लॅपटॉपवर असं होतं. स्टोरेजचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेऊन तिथे ‘लोड ड्रायव्हर’ केला की डिस्क दिसते. दिसली. जुने सगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, उडवले. सेटअपने की विचारली नाही. फर्मवेअरमधली वाचून होम आपोआप निवडलं, आणि इंटरनेट जोडल्यावर सेटिंग्जमध्ये डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाल्याचं आलं. एक पैसा लागला नाही.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. कारखान्यातून येताना डिस्कवर कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन असतं. काही बिघडलं तर लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा करायची सोय त्यात असते. त्या फॉरमॅटमध्ये तेही गेलं होतं. बऱ्याच कंपन्या सीरियल नंबर टाकल्यावर रिकव्हरी इमेज उतरवू देतात, माझ्या मॉडेलसाठी ती मिळाली नाही.

आणि प्रो मला लागतच नव्हतं. ज्यांना खरंच लागतं, म्हणजे बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीवर पूर्ण ताबा हवा किंवा दुसरीकडून आपल्याच संगणकावर रिमोट डेस्कटॉपने शिरायचं आहे, त्यांनाही फॉरमॅटची गरज नाही. होमवर असतानाच मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून प्रोचं लायसन्स विकत घेता येतं, फाइल जागच्या जागी राहतात. ‘प्रोसाठी फॉरमॅट मारावाच लागतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

लिनक्स टाकून घ्यायला निघालेल्यांसाठीही हेच लागू आहे. उबुंटू, फेडोरा, मिंट ही लिनक्सची रूपं फुकट उतरवता येतात. बसवून देण्याची मजुरी कुणी मागितली तर ती रास्त आहे, पण ‘लायसन्स’चे पैसे मागितले तर ते खोटं आहे. डिस्क पुसायच्या आधी डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का तेही बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या नव्या लॅपटॉपवर ते बहुधा आपोआप चालू असतं. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकताना सेक्युअर बूटला, म्हणजे चालू होताना सॉफ्टवेअर खरं आहे का ते तपासणाऱ्या सेटिंगला, हात लागला, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण ती कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय कुणालाही लॅपटॉपला हात लावू देऊ नका.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीने लॅपटॉप घेतला. वेगळा विक्रेता, वेगळा माणूस. पण त्यानेही लॅपटॉप उलटा केला आणि तळावर बोट फिरवलं. मी बहिणीला म्हटलं, "सरळ कर आणि चालू कर." पहिला सेटअप तिने स्वतः केला, त्या माणसासमोरच एसएलएमजीआरची ती कमांड चालवली. चॅनेलच्या ओळीत ‘ओईएम डीएम’ आलं. तिने फोटो काढला, फॉरमॅट नको म्हणून सांगितलं, आणि आम्ही लॅपटॉप जसा होता तसा घरी आणला.