अपघातानंतर मुलाची कारसीट: नवी सीट कोणाच्या खर्चाने घ्यावी?

टक्कर झाल्यानंतर मुलाची सीट बदलावी की नाही, आणि तिचे पैसे कोणाकडून मिळवावेत, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर त्याच दिवशी द्यावे लागते, दुसऱ्याचे उत्तर मिळायला महिने लागू शकतात; आणि विमा कंपनीच्या होकाराची वाट पाहत मुलाला जुन्याच सीटवर बसवणे हा या व्यवहारातला सर्वांत महागडा पर्याय आहे.

पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा निकष उपयोगी पडतो. त्यानुसार मध्यम किंवा मोठ्या टकरीनंतर सीट बदलावी. टक्कर किरकोळ ठरण्यासाठी पाचही अटी पूर्ण व्हाव्या लागतात: गाडी स्वतः चालवत नेता आली, सीटजवळच्या दाराला इजा झाली नाही, कोणालाही दुखापत नाही, एअरबॅग उघडली नाही आणि सीटवर दिसण्याजोगे नुकसान नाही. यांतली एकही चुकली तर सीट बाद धरावी. मात्र अनेक उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत कोणत्याही टकरीनंतर सीट बदला असे सांगतात, आणि तिथे पुस्तिकेचेच ऐकावे, कारण नुकसान तपासायला येणाऱ्या विमा सर्व्हेयरसमोर तेच पान तुमच्या बाजूने बोलणार असते.

कॅलिफोर्नियात अपघाताच्या वेळी वापरात असलेली सीट बदलून देण्याची जबाबदारी कायद्यानेच विमा कंपनीवर टाकली आहे. आपल्याकडच्या प्रमाणित खासगी कार पॉलिसीत मुलांच्या सीटचा उल्लेखही नसतो. गंमत अशी की 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम 194 ब चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालसीटने सुरक्षित नसेल तर 1000 रुपये दंड सांगते. पण तीच सीट टकरीत निकामी झाली तर ती भरून कोण देणार, याबद्दल गप्प बसते. त्यामुळे इंदूरमधल्या पालकासमोर चार वाटा उरतात: स्वतःची ओन डॅमेज पॉलिसी (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा), वैयक्तिक सामानाचे अ‍ॅड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेले पूरक संरक्षण), समोरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा (तिने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरणारा) आणि स्वतःचा खिसा.

पहिल्या वाटेवर सर्वाधिक विचार करावा लागतो, कारण ती जितकी सरळ दिसते तितकी नाही. गाडीच्या कंपनीने बसवून न दिलेली वस्तू ओन डॅमेजखाली भरून मिळण्यासाठी ती पॉलिसी घेतानाच नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीच्या रकान्यात किमतीसह नोंदवलेली असावी लागते. ही नोंद नसेल तर सर्व्हेयर सीटला गाडीचा भाग न मानता सुट्या सामानात टाकतो. नोंद असली तरी घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेल्या किमतीची वजावट, आहेच: प्लास्टिक, नायलॉन आणि रबराच्या भागांवर 50 टक्के कापले जातात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे अ‍ॅड-ऑन, घेतले असले तरी ते अ‍ॅक्सेसरीला लागू आहे की नाही, हे पॉलिसीचे शब्द वाचल्याशिवाय गृहीत धरू नये. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यापुढे 2000 रुपये अनिवार्य कपात असते, म्हणजे प्रत्येक क्लेममधली तेवढी रक्कम आपणच सोसायची.

आता हिशेब मांडून पाहू. समजा सीट 12,000 रुपयांची आहे, गाडी लहान इंजिनाची आहे आणि क्लेम फक्त सीटचा आहे. घसाऱ्यानंतर 6,000, कपातीनंतर हाती 5,000 रुपये. दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम 10,000 रुपये आणि सध्याचा बोनस 35 टक्के धरला, तर क्लेम न करणाऱ्याला पुढच्या वर्षी 45 आणि नंतर 50 टक्के सवलत मिळत राहते, तर क्लेम करणारा 0, 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या पुन्हा चढतो. पाच वर्षांतला फरक 12,000 रुपये भरतो. गाडीची किंमत उतरत जाते तसा प्रीमियमही कमी होतो, म्हणून प्रत्यक्षातला तोटा याहून थोडा कमी असेल. तरीही 5,000 रुपयांसाठी हा सौदा बहुतेकांना परवडणारा नाही. बोनस सुरक्षित ठेवणारे अ‍ॅड-ऑन असेल तरच गणित बदलते.

पण गाडीचा दरवाजा, रेडिएटर किंवा चेसिस गेल्यामुळे क्लेम करायचाच असेल, तर बोनस आणि कपात दोन्ही आधीच खर्ची पडलेली असतात, आणि त्याच क्लेममध्ये सीट जोडण्याला जवळजवळ काहीच किंमत मोजावी लागत नाही. माझ्या मते निर्णयाचा खरा आधार हाच आहे: सीट मोठ्या क्लेमबरोबर न्यावी, एकटीसाठी क्लेम उघडू नये.

वैयक्तिक सामानाचे अ‍ॅड-ऑन असेल तर नोंदवून न ठेवलेल्या सीटलाही आशा राहते. त्याची मर्यादा ठरावीक रकमेची असते, आणि ते अपघातातल्या नुकसानीला लागू आहे की फक्त चोरीला, हे कंपनीगणिक वेगळे असते. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी एजंटला तोंडी विचारण्यापेक्षा ईमेलवर लेखी उत्तर घ्यावे.

चूक समोरच्याची असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून सीट मागणे न्याय्य वाटते, आणि कायद्याने मार्गही आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे संरक्षण असते. मात्र हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो, त्याला एफआयआर लागते, आणि अर्जाला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. केवळ सीटसाठी इतके करणे व्यवहार्य नाही. कोणाला दुखापत झाल्यामुळे दावा होणारच असेल तर त्यात सीटचे बिल जरूर जोडावे. आपल्या कंपनीने जे भरून दिले ते पुन्हा मागता येत नाही, घसाऱ्यात आणि कपातीत गेलेली रक्कम मात्र मागता येते. इंदूरच्या विजयनगर चौकात गर्दी जमून होणारी रोख तडजोड ही याचीच घरगुती आवृत्ती. ती करायची असल्यास बंपरच्या आकड्यात सीटचा आकडा मिळवूनच बोलावे, कारण एकदा हात मिळवल्यावर समोरचा फोन उचलत नाही.

स्वतःच्या खिशातून घेण्याआधी उत्पादकाला एक ईमेल करून पाहावा. काही ब्रँड अपघातानंतर सीट बदलून देतात, पण ही सवलत देशागणिक बदलते, आणि ग्राहकाला बहुधा बिल व अपघाताचा पुरावा दोन्ही द्यावे लागतात.

कोणतीही वाट घेतली तरी सीट सर्व्हेपूर्वी घरी नेऊ नये. देवास नाक्याकडच्या वर्कशॉपमध्ये गाडी पोहोचली की सीट बांधलेल्या अवस्थेतच तिचे, पट्ट्याच्या ओढीच्या खुणांचे आणि अनुक्रमांक व उत्पादन तारीख असलेल्या लेबलचे फोटो काढावेत, आणि एस्टिमेटमध्ये तिची वेगळी ओळ लिहून घ्यावी. नकार आला तर तो लेखी मागावा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे. एक महिन्यात समाधान झाले नाही तर मध्य प्रदेशासाठी असलेल्या भोपाळच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. कंपनीने सीटचे पैसे दिले तर जुनी सीट ताब्यात मागण्याचा तिला हक्क असतो, म्हणून निकाल लागेपर्यंत ती ठेवावी. कंपनीने मागितली नाही तर पट्टे कापूनच टाकावी, नाहीतर तीच सीट ऑनलाइन जुन्या सामानात चांगल्या अवस्थेतली म्हणून विकली जाते.