नेरळ–माथेरान गाडी: मुलांना घाट दाखवायचा असेल तर

मुलांना घेऊन माथेरानला जाणारे बरेच जण नेरळ स्टेशनाबाहेर टॅक्सी धरतात, अर्ध्या तासात मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याला उतरतात आणि जवळच्या अमन लॉज स्टेशनहून शटलने, म्हणजे फक्त शेवटच्या टप्प्यात ये-जा करणाऱ्या छोट्या गाडीने, वर जातात. वेळ वाचतो, हे खरे. पण पाच-सहा ते बारा वर्षांच्या मुलाला प्रवासाची गोडी लावायची असेल, तर जाताना किंवा येताना, एकदा तरी नेरळ ते माथेरान या पूर्ण गाडीत त्याला बसवाच. शटलच्या वीस मिनिटांत गाडीत बसल्याचा आनंद मिळतो, पण गाडी डोंगर कशी चढते ते दिसत नाही. आणि मुलाला दाखवण्यासारखे मुख्य आहे ते तेच.

सुरुवात नेरळच्या प्लॅटफॉर्मवरच होते. एका बाजूला कर्जत लोकलची रुंद वाट, दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर. पलीकडे माथेरानची वाट, फक्त ६१० मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन फूट. घरातली मोजपट्टी उघडून दोन फूट किती ते आधी दाखवून ठेवा, मग स्टेशनवर मूल स्वतःच दोन्ही रुळांची तुलना करते. इतका अरुंद मार्ग का, याचे उत्तर पुढच्या वळणांत मिळते: रूळ जितके जवळ, तितके वळण आवळून घेता येते आणि डोंगर कमी फोडावा लागतो.

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरवर. ही चढण गाडी सुमारे २१ किलोमीटरमध्ये संपवते. सर्वांत कठीण चढ २० मीटरला १ मीटर असा आहे. बोरघाटात मुंबई–पुणे गाड्यांना ३७ ला १ असा चढ आहे आणि तेवढ्यासाठीही कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. हे आकडे सांगितले की दहा वर्षांच्या मुलाला या लहानशा इंजिनाचा मोठेपणा आपोआप कळतो. वरपर्यंत जायला अडीच तास किंवा त्याहून थोडे जास्त लागतात, म्हणजे तासाला साधारण आठ किलोमीटर. मोठ्यांना हा वेग कंटाळवाणा वाटेल. मुलासाठी तोच योग्य आहे, कारण खिडकीबाहेरचे माकड, झाड, खाली दिसणारे नेरळचे रूळ, सगळे नीट बघून होते आणि प्रश्न विचारायला वेळ उरतो.

या मार्गाची खरी गंमत त्याच्या आखणीत आहे. उभा डोंगर चढताना काही ठिकाणी गाडी पुढे-मागे करून झिगझॅग चढवतात. इथे ते टाळले आहे. घोड्याच्या नालासारखी मोठी वळणे घेत रूळ स्वतःभोवतीच फिरत वर जातात. त्यामुळे मघाशी ज्या वाटेवरून आलो ती थोड्या वेळाने खाली दिसते. मुलाला हे दाखवाच, कारण घाट ही कल्पना त्याच क्षणी डोक्यात पक्की बसते. वळणावर आपलेच इंजिन खिडकीतून समोर दिसते, तेव्हा मधल्या किंवा मागच्या डब्यात बसलेल्यांची चांदी असते. जागा निवडता आली तर पहिला डबा सोडा. उजवी बाजू चांगली की डावी, या वादात पडू नका. वळणे इतकी आहेत की दरी बाजू बदलत राहते. मूल खिडकीशी असणे महत्त्वाचे.

वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशने. एकच छोटा बोगदा आहे, त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. डब्यात अंधार होतो न होतो तोच पुन्हा उजेड येतो. मुलांना कंटाळा येईल तो जुम्मापट्टीच्या पुढे, साधारण एक तासाने. त्या टप्प्यासाठी काम राखून ठेवा: वळणे मोजायची, रुळांकडेचे किलोमीटरचे दगड वाचायचे, स्टेशन आले की वेळ टिपायची. दोन स्टेशनांमधला वेळ मुलाने स्वतः मोजला की पुढे तेच मूल वेळापत्रक वाचू लागते. मोबाइल मात्र इथे देऊ नका, अडीच तास वाया जातील.

मार्ग कोणी बांधला हेही सांगण्यासारखे आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने, सुमारे १६ लाख रुपये घालून तो उभारला. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात काम पूर्ण केले. सुरुवातीची वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची होती. आता गाडी डिझेलवर चालते.

आता तिकीट, जिथे बहुतेक बेत फसतात. नेरळहून गाड्या अगदी मोजक्या आणि सकाळच्याच, आणि एका गाडीत जेमतेम शंभर-सव्वाशे जागा. पूर्ण गाडीचे तिकीट त्याच दिवशी स्टेशनच्या खिडकीवर, गाडी सुटण्याच्या थोडे आधी मिळते. शनिवार-रविवार, दिवाळी आणि मेच्या सुट्टीत रांग खिडकी उघडण्याच्या खूप आधी लागते, आणि रांगेत मागे राहिलेल्याला जागा मिळत नाही. उपाय दोनच. पहिला, मंगळवार ते गुरुवारमधला दिवस निवडणे. दुसरा, मुंबईहून अशी लोकल धरणे की गाडीच्या दीड-दोन तास आधी नेरळला पोहोचाल. सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला पावणेदोन ते दोन तास लागतात, त्यामुळे घर पहाटेच सोडावे लागते. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी, नेरळ दुसरेच स्टेशन. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते. गाडीचे वेळापत्रक ऋतूनुसार बदलते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ताजे वेळापत्रक बघाच.

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ–अमन लॉज हा भाग बंद असतो. दरड आणि वाहून जाणारी खडी हे कारण. जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मार्ग २००७ पर्यंत बंद होता आणि २०१९ च्या पावसाने पुन्हा इतके नुकसान केले की पूर्ण गाडी ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू झाली. दरवर्षीच्या पावसाळ्यात अमन लॉज–माथेरान शटल मात्र धावते. मुलाला पूर्ण गाडीचे वचन देऊन जुलैत नेरळला नेऊ नका. सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये खालचा अर्धा भाग रखरखीत असतो आणि डबा तापतो.

डबा कोणता? पैसे जास्त द्यायची तयारी असेल तर मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम आहे, आजी-आजोबा सोबत असतील तर तो घ्या. मुलांसाठी आमची पसंती दुसऱ्या वर्गाला. खिडकी उघडी असते, इंजिनाचा आवाज आणि जंगलाचा वास आत येतो. बाक अरुंद आहेत, मोठ्यांचे गुडघे समोरच्याला लागतात, हे गृहीत धरा. मोठी बॅग मांडीवर घ्यावी लागेल, म्हणून प्रत्येकी एक पाठपिशवी पुरे. डब्यात शौचालय नाही. गाडीत चढण्यापूर्वी मुलांना नेरळलाच नेऊन आणा, ही या प्रवासातली सर्वांत उपयोगी सूचना.

खाऊ बंद डब्यात ठेवा. माकडे खिडकीतून हात घालतात आणि प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना ओळखीचा आहे. मुलाच्या हातात केळे किंवा वेफर्सचे पाकीट देऊन त्याला खिडकीशी बसवणे म्हणजे ओरबाडून घ्यायला आमंत्रण. गाडीचा वेग कमी असल्याने ज्या मुलांना टॅक्सीच्या घाटात उलटी होते, त्यांना इथे सहसा त्रास होत नाही. तरी निघण्याआधी पोटभर वडापाव नको. इडली किंवा पोळी-भाजी बरी.

तिकीट मिळालेच नाही तर बेत उलटा करा. टॅक्सीने दस्तुरीला जा, शटल किंवा चालत वर. बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर, मुलांसोबत तासभर. वाट तांबड्या मातीची, म्हणून पांढरे बूट घालू नका. मोटारी दस्तुरीच्या पुढे येत नाहीत, त्यामुळे मुलांना मोकळे सोडता येते, फक्त घोड्यांच्या मागून जाऊ देऊ नका. वर पोहोचल्यावर हॉटेलात जाण्याआधी माथेरान स्टेशनच्या खिडकीवर खाली जाणाऱ्या गाडीचे तिकीट केव्हा मिळते ते विचारून घ्या. खाली येताना ती पूर्ण गाडी मिळाली तर वळणे तीच, दरी तीच, आणि उतारावर ब्रेक कसे लागतात हे जास्त स्पष्ट जाणवते. फक्त ती गाडी दुपारनंतर सुटते, नेरळला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि मुंबईच्या लोकलला तेव्हा गर्दी असते. लहान मूल बरोबर असेल तर शक्यतो जिन्यापासून दूरच्या डब्यात चढा, बसायला जागा मिळण्याची शक्यता तिथे जास्त.