सोन्याचं खिशातलं घड्याळ: सराफाकडे मोडावं, ऑनलाइन विकावं की लिलावाला द्यावं?

सोन्याचा भाव चढला की कपाटातल्या जुन्या पेट्या उघडतात आणि एखाद्या पेटीतून पणजोबांचं साखळीचं घड्याळ बाहेर येतं. निजामाच्या राजवटीत वकिली केलेले, देशमुखी सांभाळलेले, मनमाड-काचीगुडा लाइनीवर रेल्वेत नोकरी केलेले लोक मराठवाड्यात होते. त्यांच्या कोटाच्या खिशातली घड्याळं परभणी, जालना, नांदेडच्या घरांत अजून निघतात. मग घरात चर्चा सुरू होते. एक म्हणतो सराफाकडे मोडून टाका, दुसरा म्हणतो ओएलएक्सवर टाका, पुण्यातला पुतण्या परदेशी साइटवरचे डॉलरमधले आकडे दाखवतो. ज्याला असं घड्याळ विकत घ्यायचंय त्याच्यापुढेही हेच रस्ते असतात, उलट्या बाजूनं.

माझं मत आधीच सांगतो. अशा घड्याळाला दोन किमती असतात, एक सोन्याच्या वजनाची आणि दुसरी मशीनची, म्हणजे बनवणाऱ्याच्या नावासकट सगळ्या जुनेपणाची. आपल्या घड्याळात यातली कोणती मोठी आहे हे कळल्याशिवाय वाट ठरवू नका. आणि ते कळतं मागचं झाकण उघडल्यावरच.

झाकणाच्या आत काय बघायचं

हे काम घरी सुरीनं करू नका. जुन्या चावीच्या घड्याळांवर हात बसलेला घड्याळजी गाठा. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या जुन्या बाजारपेठांत अशी माणसं अजून आहेत, पण कमी होत चालली आहेत. त्याच्या समोर बसून, भिंग घेऊन एकेक झाकण पाहा.

बाहेरच्या झाकणाच्या आतल्या अंगाला शिक्के असतात. स्विस केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, असेल तर १८८० च्या कायद्यानंतरच्या १८ कॅरेटवर हेल्व्हेशियाचं, म्हणजे एका स्त्रीचं डोकं असतं आणि १४ कॅरेटवर खार. इंग्लंडच्या केसवर लंडनचा बिबट्याचा चेहरा किंवा बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर दिसतो, शेजारी वर्ष दाखवणारं अक्षर. १५ कॅरेटचा, ‘.६२५’ असा शिक्का दिसला तर केस १८५४ ते १९३२ यांच्या मधली, कारण ब्रिटिश कायद्यात हा दर्जा तेवढाच काळ होता. आणि ‘गॅरंटीड २० इयर्स’ किंवा ‘वॉरंटेड २५ इयर्स’ असं कोरलेलं असेल तर ते घड्याळ भरीव सोन्याचं नाही. ती हमी सोन्याचा पत्रा किती वर्षं झिजणार नाही याची आहे. आत पितळ असतं. ‘रोल्ड गोल्ड’ आणि ‘गोल्ड फिल्ड’ हे त्याच जातीचे शब्द. घरातली कितीतरी ‘सोन्याची घड्याळं’ इथेच उघडी पडतात, आणि ते विकायला काढण्याआधी कळलेलं बरं.

बाहेरच्या झाकणाच्या आत आणखी एक पातळ झाकण असतं, मशीनवर धूळ बसू नये म्हणून. तिथे नीट बघा. फ्रेंच आणि स्विस घड्याळांत पुष्कळदा या आतल्या झाकणावर ‘मेटाल’ असा छोटासा शिक्का असतो, म्हणजे ते सोन्याचं नाहीच, फक्त रंग तसा आहे. विकणारे बिनदिक्कत ‘तिन्ही झाकणं सोन्याची’ (पुढचं, मागचं आणि हे आतलं) असं लिहितात. आणि त्याच जागी, तिरप्या उजेडात धरल्यावर, सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं दिसतात: तारीख, दोन-तीन इंग्रजी आद्याक्षरं, एखादा आकडा. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की अशी खूण करून ठेवत. पाच-सहा खुणा असतील तर घड्याळ वर्षानुवर्षं वापरात होतं आणि कुणीतरी ते निगुतीनं सांभाळलं, एवढं नक्की. म्हणून विकण्याआधी केस पॉलिश करून घेऊ नका. पॉलिशनं शिक्के बोथट होतात, बाहेरचं कोरीवकाम पुसट होतं आणि संग्राहकाच्या नजरेतून किंमत उतरते.

मशीनवरचं नाव आणि क्रमांक लिहून घ्या. वॉल्थम किंवा एल्जिन या अमेरिकी कंपन्यांचं असेल तर मशीनच्या क्रमांकावरून साल काढता येतं. केसवरचा क्रमांक वेगळा असेल तर घाबरू नका, अमेरिकेत मशीन आणि केस वेगवेगळ्या कंपन्यांच्या असत आणि दुकानात जोडल्या जात. लाँजिन्स या स्विस कंपनीकडे १८६७ पासूनच्या नोंदवह्या आहेत. पाटेक फिलिप किंवा व्हाशरॉन या नामांकित स्विस कारखान्यांचं असेल तर मात्र केस आणि मशीन एकमेकांचेच असणं हेच सगळं आहे. तिथे दोन्ही क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळले नाहीत तर किंमत कोसळते.

एक विनंती. चालतं का हे दाखवायला चावी गच्च भरून व्हिडिओ काढू नका. पन्नास वर्षं बंद पडलेल्या मशीनमधलं तेल वाळून गोंद झालेलं असतं. तसंच चालवलं तर चाकांच्या धुऱ्या झिजतात, आणि बॅलन्सची, म्हणजे आत मागे-पुढे डोलणाऱ्या चाकाची, धुरी गेली की दुरुस्तीचा खर्च एकदम वाढतो.

सराफाची वाट

पैसे त्याच दिवशी मिळतात. माणूस ओळखीचा असतो. फसवणुकीचा धोका सर्वांत कमी इथेच. पण सराफ फक्त पहिली किंमत देतो, वजनाची, आणि तीही गाळल्यावर जे उरेल त्याची, तूट धरून. मशीन तो बाजूला काढून परत देतो किंवा भंगारात टाकतो.

हिशेब असा बसतो. समजा अख्खं घड्याळ ९२ ग्रॅम भरलं. मशीन, काच, झाकण उघडणारी पोलादी स्प्रिंग काढून नुसती केस ३८ ग्रॅम राहिली. १८ कॅरेट असेल तर त्यात शुद्ध सोनं २८.५ ग्रॅम. १४ कॅरेट असेल तर साधारण २२ ग्रॅम. ९ कॅरेट असेल तर सव्वाचौदा. एकाच आकाराच्या दोन घड्याळांत दुपटीचा फरक पडतो तो इथे. म्हणून आतली मशीन काढूनच वजन करायला सांगा आणि तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा.

कॅरेट मीटरवर पूर्ण भरवसा ठेवू नका. ते यंत्र फक्त वरचा थर वाचतं. गोल्ड फिल्ड केसवरचा सोन्याचा पत्रा इतका जाड असतो की मीटर ‘१४ कॅरेट’ म्हणू शकतं. बिजागरीची कड, चावीच्या मुठीचा खालचा भाग, साखळी अडकवायची कडी, या झिजणाऱ्या जागा भिंगानं पाहा. पितळ तिथे डोकावतं. आणि हॉलमार्क नाही म्हणून सराफ भाव पाडत असेल तर त्याला शांतपणे सांगा की २०२१ मध्ये हॉलमार्किंग सक्तीचं झालं तेव्हा घड्याळांना त्यातून वगळलं होतं. जुन्या घड्याळावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, नसणं हा दोष नाही.

मशीन साधं, बिननावाचं, गंजलेलं, तबकडी तडकलेली आणि केस भरीव सोन्याची असेल तर मी सराफाकडेच पाठवीन. बायकांच्या गळ्यातल्या साखळीची छोटी १४ कॅरेटची स्विस घड्याळं बहुतेकदा याच गटात येतात. ऑनलाइन दोन-तीन महिने घालवून हातात फार जास्त पडत नाही.

ओएलएक्स, फेसबुक, व्हॉट्सॲप ग्रुप

गोल्ड फिल्ड घड्याळाची खरी जागा ही. सराफ त्याला शून्य देतो, संग्राहक मात्र चांगलं मशीन असेल तर पैसे मोजतो. मशीनचा, तबकडीचा आणि झाकणातल्या शिक्क्यांचा स्पष्ट फोटो टाकला की जाणकार आपोआप पुढे येतात आणि फालतू चौकशा निम्म्या होतात.

पण भरीव सोन्याचं घड्याळ इथे टाकायला माझा ठाम विरोध आहे. घरात सोनं आहे हे गावभर जाहीर करून वर अनोळखी माणसाला पत्ता द्यायचा, यात कसलाच फायदा नाही. ‘आगाऊ पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारे इथेच भेटतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसगत झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. व्यवहार दोन लाखांच्या घरात गेला तर रोख घेता येत नाही, बँकेतूनच घ्यावे लागतात.

लिलाव

मुंबईत सॅफ्रनआर्ट, अ‍ॅस्टागुरू यांच्यासारखी लिलावगृहं दागिन्यांबरोबर घड्याळंही घेतात. इथे दोन्ही किमती मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. फोटो ईमेलनं पाठवून प्राथमिक अंदाज मागवता येतो, म्हणजे लातूर-हिंगोलीहून लगेच धावत जावं लागत नाही. पण ती सगळं घेत नाहीत, पुढच्या विक्रीची वाट बघावी लागते, विक्रीतून कमिशन कापलं जातं आणि घेणाऱ्याला बोलीवर प्रीमियम (लिलावगृहाचं शुल्क) व कर वेगळे पडतात. बोली लावणारा तो हिशेब आधीच मनात धरतो. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, लेखी ठरवून घ्या. विकलं गेलं नाही तर परत आणायचा खर्च कुणाचा, तेही.

१८ कॅरेट, नावाजलेला कारखाना, मूळ तबकडी, आणि शक्य असेल तर घराण्याचा कागद: तेव्हा दुसरा विचार करू नका. कागद म्हणजे पावती, निरोपसमारंभाचं पत्र, आत कोरलेलं नाव, घड्याळाची साखळी दिसणारा जुना फोटो. ‘निजामाकडून मिळालेलं’ ही घरातली गोष्ट कितीही खरी असली तरी कागदाशिवाय तिला बाजारात किंमत नाही. तबकडीवर अरबी वळणाचे आकडे आहेत म्हणूनही ते हैदराबादचं ठरत नाही. स्विस कारखाने तुर्कस्तानच्या बाजारासाठी अशी घड्याळं भरपूर बनवत.

नेताना कुरिअर नको. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत सोनं बसत नाही, त्यामुळे हरवलं तर भरपाई मिळत नाही. देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसनं स्वतः जा, आणि ताब्यात देताना क्रमांक, वजन, फोटो असलेली पोच घ्या. त्याहीआधी भाऊ-बहिणींची संमती लेखी घेऊन ठेवा. वडिलोपार्जित वस्तूचा फोटो कॅटलॉगमध्ये झळकल्यावर सुरू झालेला वाद लवकर मिटत नाही.

परदेशी साइट

पुतण्यानं दाखवलेले डॉलरमधले आकडे पुष्कळदा मागितलेले असतात, मिळालेले नाहीत. इबेवर ‘सोल्ड’ यादी उघडून बघितलं की फरक कळतो. भारतातून विकणाऱ्यापुढे आणखी मोठी अडचण कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं घड्याळ त्यात मोडत नाही, असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं लागतं. १९१५ चं घड्याळ आज या रेषेच्या पलीकडे आहे. एका घड्याळासाठी एवढं करण्यापेक्षा मुंबईचा लिलाव बरा.

घेणाऱ्यालाही हेच सांगेन. क्रोनो२४ या घड्याळांच्या साइटवर पैसे मध्यस्थ खात्यात राहण्याची सोय आहे, माल पाहून मग ते विकणाऱ्याला जातात, आणि निवड तर अफाट. पण वापरलेल्या वस्तू आयात करण्यावर निर्बंध आहेत, वर सीमाशुल्क आणि आयजीएसटी. घड्याळ कस्टम्समध्ये अडकलं तर परभणीत बसून ते सोडवणं त्रासाचं आहे.

तुम्ही घेणार असाल तर

देशातल्या देशात घ्या, आणि पहिलं घड्याळ भरीव सोन्याचं घेऊ नका. चांगल्या मशीनचं गोल्ड फिल्ड वॉल्थम घ्या. दिसायला तेच, वापरायला तेच, आणि घड्याळाची नाडी कळायला लागते. सोनं त्यानंतर.

मशीनचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. ‘आमच्याकडे उघडायला माणूस नाही’ हे कारण दहा हजारांच्या घड्याळाला चालेल, लाखाच्या घड्याळाला नाही. जाहिरातीत पूर्ण घड्याळाचं वजन सोनं म्हणून लिहिलेलं असेल तर केसचं वेगळं वजन मागा. जुन्यासारखी दिसणारी नवी पितळी घड्याळं बाजारात खूप आहेत. आत सेलचं मशीन असतं किंवा कोऱ्या पत्र्याचं स्वस्त चावीचं. मिन्याची पांढरी तबकडी मात्र तिरप्या उजेडात पाहा. धाग्यासारखी एखादी बारीक तड चालते, पण नव्या शाईचे ठसठशीत आकडे असतील तर तबकडी पुन्हा रंगवलेली असू शकते, आणि तसं असेल तर भाव त्याप्रमाणे खाली यायला हवा.

सौदा शक्यतो सराफाच्या पेढीवर करा, दोघांच्या समोर केस उघडून, तोलून. आणि पैसे देण्याआधी तुमच्या घड्याळजीला फोन करून त्या मशीनचा फोटो पाठवा आणि विचारा, याची बॅलन्सची धुरी तुम्हाला बसवता येईल का. त्यानं नाही म्हटलं तर भावात दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याचा खर्च धरा, नाहीतर ते घड्याळ सोडून द्या.