रॉकशॉक्स पाइक: घरच्या घरी जुळवता येणारा फोर्क

सस्पेन्शनची जुळवणी आणि निगा स्वतः करू इच्छिणाऱ्या माउंटन बाइकस्वारासाठी ३५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांचा रॉकशॉक्स पाइक हा एअर फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारा हवेच्या दाबावर चालणारा सस्पेन्शनचा काटा, बराच सोयीचा आहे. वरच्या नळीवर सॅगच्या (स्वाराच्या वजनाने फोर्क जितका दबतो त्याच्या) टक्केवारीच्या खुणा असल्यामुळे मोजपट्टीही लागत नाही. मात्र स्वाराच्या वजनानुसार दिलेल्या तक्त्यातील हवेच्या दाबावर विसंबून थांबू नये: हवा भरल्यावर फोर्क काही वेळा सावकाश दाबून आतील हवेच्या दोन्ही कप्प्यांतील दाब समतोल होऊ द्यावा, नेहमीच्या सामानासह सायकलवर उभे राहून सॅग सुमारे २० टक्के येतो का ते पाहावे आणि मगच रिबाउंडच्या, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवणाऱ्या, लाल बटणाकडे वळावे. (पंप काढताना येणारा फुसकारा बहुधा पंपाच्या नळीतील हवेचा असतो, त्यासाठी पुन्हा हवा भरण्याची गरज नाही.) सॅग योग्य असूनही फोर्क वारंवार तळाला आदळत असेल, तर दाब वाढवण्याऐवजी एअर कप्प्यात टोकन (हवेची जागा कमी करणारा छोटा तुकडा) बसवावे, कारण त्यामुळे सुरुवातीची मऊ हालचाल टिकून राहते आणि प्रतिकार शेवटच्या टप्प्यातच वाढतो.

देखभालीच्या बाबतीत हा फोर्क लाडावलेला आहे. अनेक मॉडेलांचे खालचे पाय (बाहेरच्या नळ्या) दर ५० तासांच्या वापरानंतर काढून, स्वच्छ करून त्यांत नवे तेल घालावे लागते. अॅलन की, प्लॅस्टिकचा हातोडा आणि टॉर्क रेंच जवळ असल्यास हे काम घरी निभावते. डॅम्पर (तेलाने हालचालीचा वेग आवरणारा आतला भाग) उघडण्याचे काम मात्र जाणकार कारागिराकडेच सोपवावे.