बेक्सेरो: ताप आणते, तरी बाळाला द्याच

इंग्लंडमध्ये बाळ आठ आठवड्यांचं झालं की बाकीच्या लसींसोबत डाव्या मांडीत बेक्सेरो टोचतात. मेंदूज्वर आणि रक्तात जंतुसंसर्ग घडवणाऱ्या मेनिंगोकोकस ‘बी’ या जिवाणूवरची ही लस २०१५ पासून एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सगळ्या तान्ह्यांना फुकट देते.

आमच्या लेकीला संध्याकाळी ताप चढला. मांडी लाल होऊन सुजली, लंगोट बदलताना पाय हलला तरी कळवळायची. नर्सने आधीच बजावलं होतं, तापाची वाट पाहू नका. घरी गेल्या गेल्या अडीच मिली पॅरासिटामॉल, मग चार-सहा तासांच्या अंतराने आणखी दोनदा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोटभर दूध प्यायली. पण सांगलीहून आई फोनवर चिडलीच, "अगं, एवढ्याशा जिवाला ताप आणणारी लस कशाला?"

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, तेव्हा आईला नीट समजावलं. या जिवाणूवर साखरेचं कवच असतं. पुण्याच्या सीरमची मेनफाइव्ह ही लस याच जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स या पाच प्रकारांच्या कवचांपासूनच बनते. ‘बी’चं कवच मात्र आपल्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखंच, त्यामुळे शरीराला ते परकं वाटत नाही. म्हणून शास्त्रज्ञ कवचाखालच्या पटलाकडे वळले. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून ‘बी’ची साथ चालली होती. तिथल्या जिवाणूच्या बाह्यपटलाच्या सूक्ष्म पुटिका (इवल्याशा पिशव्या) काढून २००४ मध्ये लस दिली गेली. बेक्सेरोत त्याच जिवाणूच्या पुटिका आहेत आणि जोडीला जिवाणूचा जीनोम (सगळी जनुकं) वाचून शोधलेली तीन प्रथिनं. पटलात एंडोटॉक्सिन हे जिवाणूचं विष असतं. डिटर्जंटने त्यातलं बरंचसं काढतात, उरलेलं तापाला हातभार लावतं. ज्या पटलामुळे संरक्षण मिळतं, त्याच पटलाचा हा ताप आहे आणि मला हा सौदा शंभर टक्के मान्य आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या तीन वर्षांत लस मिळण्याच्या वयातल्या बाळांमधला हा आजार ७५ टक्क्यांनी घटला. काही तासांत जीव घेऊ शकणारा आजार आहे हा!

उणिवा आहेत. ‘बी’च्या सगळ्याच वाणांवर ती चालत नाही. घशात जिवाणू बाळगणंही ती थांबवत नाही, म्हणजे शेजारच्या बाळाने घेतली म्हणून आपलं बाळ सुरक्षित होत नाही.

शक्यतो सकाळची वेळ घ्या आणि पॅरासिटामॉल आधीच आणून ठेवा. लस घेतलेल्या बाळाच्याही अंगावर तापात डाग उठले आणि काचेचा ग्लास दाबून ते फिके पडले नाहीत, तर तडक ९९९ हा इथला आपत्कालीन नंबर लावा. बाळ मलूल वाटलं तर डागांचीही वाट पाहू नका.